कुब्जेची पाठ

पंचेचाळीस वर्षे मी कीर्तनसेवा केली. आता आवाज बसला, गुडघे थकले, म्हणून पाच वर्षांपूर्वी उभे राहणे थांबवले. सेवा घडली ती माउलींच्या कृपेने. चुका घडल्या त्या माझ्या. त्यातली एक चूक आज लिहून सांगायची आहे. ती मी हजारो लोकांपुढे, टाळमृदंगाच्या साथीत केली. तिची कबुली घरात बसून मनातल्या मनात दिली तर पुरी होणार नाही.

काल्याच्या कीर्तनात पेंद्या येतो, हे आपण सर्व जाणता. लंगडा, बोबडा, पण देवाचा जिवलग. मी एक खांदा वर करून, पाय ओढत पेंद्या चालून दाखवीत असे. कृपेवर निरूपण असले की कुब्जा येई. मथुरेच्या रस्त्याने ती चंदनाचे पात्र घेऊन निघाली, एवढे म्हणून मी उपरणे पाठीवर गुंडाळायचो, कमरेतून वाकडा व्हायचो आणि टाळकऱ्यांच्या मधून एक फेरी मारायचो. मांडव हसून लोटपोट होई. हसू ओसरले की मी देवाच्या कृपेचे निरूपण करी. लोकांना वाटे, महाराज हसवतातही आणि रडवतातही. मलाही तेच वाटे.

एका वर्षी आमच्या साखऱ्याच्या सप्ताहात मी अशीच कुब्जा करून दाखवली. बायकांच्या बाजूला माझी नात बसली होती. तेव्हा ती सोळा वर्षांची. सगळा मांडव हसत असताना ती उठून घरी गेली. मला वाटले, पोरीला झोप आली असेल.

त्याआधी दोन वर्षे आमच्या शिंप्याने तिच्या आईला सांगितले होते, की पोरीच्या ड्रेसचा घेर एका बाजूला खाली येतो, माप नीट घेतले तरी येतो. घरात चर्चा झाली. कोणी म्हणाले दप्तराचे ओझे, कोणी म्हणाले एका कुशीवर झोपते. एका हाडवैद्याकडे चार वेळा नेऊन चोळून आणले. मग शाळा, परीक्षा, सोयाबीनची काढणी, तुरी, लग्नसराई यांत विषय मागे पडला. दुखत काहीच नव्हते. न दुखणाऱ्या गोष्टीला खेड्यात आजार म्हणत नाहीत.

पुढे ती हिंगोलीला कॉलेजात गेली. एकोणिसाव्या वर्षी तिला नांदेडला डॉक्टरांना दाखवले. त्यांनी सांगितले, ‘बाळ, पाय जुळवून उभी राहा, हात जोडून पुढे लोंबू दे, आणि कमरेतून वाक.’ ती वाकली. मी खुर्चीत बसलो होतो. उजव्या बाजूची पाठ डावीपेक्षा चांगली तीन बोटे वर आलेली मला दिसली. डॉक्टर म्हणाले, ‘ही परीक्षा फार जुनी आहे. १८६५ मध्ये अ‍ॅडम्स नावाच्या इंग्रज सर्जनने सांगितली. हिला यंत्र लागत नाही, नुसते डोळे लागतात.’

संतसज्जनहो, त्या क्षणी मला खुर्चीत बसवेना. ती पोर रोज सकाळी माझ्या पाया पडत होती. पाय जुळवून, हात पुढे करून, कमरेतून वाकून. डॉक्टरांची परीक्षा माझ्यासमोर वर्षानुवर्षे रोज होत होती, आणि मी आशीर्वाद देताना फक्त तिच्या डोक्याकडे पाहत होतो.

या व्याधीला स्कोलिओसिस म्हणतात. माणसाचा कणा मागून पाहिला तर सरळ रेषेत असावा. तो बाजूला झुकतो आणि झुकतानाच स्वतःभोवती पीळ घेतो, म्हणून फासळ्या एका बाजूने वर येतात. झुकाव किती, हे एक्स-रेवर कोन मोजून ठरवतात. दहा अंशांच्या वर गेला तर स्कोलिओसिस म्हणायचे. शंभरांत दोन-तीन मुलांना तो कमीजास्त असतो, बहुतेकांना काही करावे लागत नाही. मोठा कोन मात्र मुलींमध्ये पुष्कळ जास्त आढळतो. वाढीच्या वयात, दहा ते पंधराच्या दरम्यान, तो झपाट्याने वाढू शकतो. त्या काळात कमरेला आणि छातीला घट्ट बसणारा पट्टा दिवसातले बरेच तास वापरला तर उपयोग होतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातील एका मोठ्या अभ्यासात पट्टा वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलांचा कोन शस्त्रक्रियेच्या मर्यादेखाली राहिला. न वापरणाऱ्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. आमची ती वेळ दप्तराला दोष देण्यात निघून गेली होती. दप्तराने किंवा झोपण्याने हा झुकाव येत नाही. बहुतेक मुलांत त्याचे कारण वैद्यकालाही सापडलेले नाही.

नातीचा कोन ५६ अंश निघाला. डॉक्टरांनी समजावले, की पन्नासच्या वरचा कोन वाढ थांबल्यावरही दरवर्षी साधारण एखाद्या अंशाने वाढत राहतो. आज त्रास नाही. पण चाळिशी-पन्नाशीत पाठ, आणि फार वाढला तर श्वास, दोन्ही जड होऊ शकतात. शस्त्रक्रिया हा उपाय आहे, पण ती आजच केली नाही तर जीव जाईल, असे नाही. विचार करून ठरवा.

इथून आमच्या घरात वाद सुरू झाला, आणि तो वादच या लेखाचा विषय आहे.

मुलगा म्हणाला, ऑपरेशन करून टाकू, उद्या लग्नाला अडचण येईल. तिची आजी म्हणाली, कण्याला हात लावला आणि पाय गेले तर? औंढ्याच्या नागनाथाला नवस बोलू, पण सुरी नको. मी सर्वांत शेवटी बोललो, आणि कीर्तनकाराच्या थाटात बोललो. देवाने जसे ठेवले तसे राहावे, चित्ती समाधान असावे, असे संतांचे प्रमाण मी दिले. देह नाशिवंत, तो वाकडा काय आणि सरळ काय, असेही म्हणालो. माझ्या बोलण्यावर घरात कोणी उलट बोलत नाही. सगळे गप्प झाले.

नात गप्प झाली नाही. ती म्हणाली, ‘आबा, एक विचारू का? तुमच्या कीर्तनात कुब्जा सरळ झाली की तुम्ही सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावता. तिनं नाही का देवानं ठेवलं तसं राहायचं? आणि ती वाकडी असते तोवर तुम्ही सगळ्यांना हसायला लावता. मग मी कोणती कुब्जा?’

पंचेचाळीस वर्षांत मला अनेकांनी शंका विचारल्या. या शंकेला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी त्या रात्री जेवलो नाही. भागवताचा दशम स्कंध काढला आणि कुब्जेचा प्रसंग पुन्हा वाचला. जो प्रसंग पाठ असतो, तो माणूस वाचत नाही, नुसता म्हणतो. मी कित्येक वर्षांनी तो वाचला.

पहिली गोष्ट लक्षात आली ती क्रमाची. कंसासाठी उटणे घेऊन जाणारी ती दासी वाटेत देवाला भेटते. देव तिच्याशी बोलतो, तिच्याकडे उटणे मागतो. ती देते. देव ते अंगाला लावतो. आणि नंतर, सगळे झाल्यावर, तिच्या पावलांवर आपले पाऊल ठेवून, हनुवटीला दोन बोटे लावून, तिला वर उचलतो आणि ती सरळ होते. म्हणजे देवाने चंदन स्वीकारले ते वाकड्या कुब्जेच्या हातचे. आधी स्वीकार, मग दुरुस्ती. ‘तू सरळ होऊन ये, मग तुझे चंदन घेतो,’ असे देव म्हणाला नाही. आणि ‘तू वाकडीच बरी आहेस, मला तशीच आवडतेस,’ असे म्हणून तिला वाटेला लावलेही नाही.

मी मांडवात नेमका उलटा क्रम लावत होतो. आधी हसू, मग कृपा. देवाने जी पाठ न हसता पाहिली, ती मी हसण्यासाठी वापरली.

दुसरी गोष्ट देवाच्या स्वतःच्या देहाची. कुब्जेचे भागवतातले नाव त्रिवक्रा, तीन ठिकाणी वाकलेली. आणि मुरली वाजवणाऱ्या श्रीकृष्णाला आपण काय म्हणतो? त्रिभंगी. मान, कंबर, गुडघा, तीन ठिकाणी वाकलेला. तोच देव पंढरीला आला की समचरण होतो, कर कटीवर ठेवून विटेवर ताठ उभा राहतो. त्याच्या दोन्ही रूपांना आपण हात जोडतो. देवाला वाकडे-सरळ दोन्ही शोभते, मग देवाच्या लेकराच्या पाठीवरून आपण त्याची पारख कोणत्या अधिकाराने करतो?

पण पारख आपण करतो, आणि फार जुन्या काळापासून करतो. मंथरा आठवा. तिने कैकेयीचे कान भरले हा तिचा दोष. पण आम्ही कथेकरी तिचे कुबड आधी सांगतो, जणू दुष्टपणा पाठीतून निघाला. परमुलखातही हेच. इंग्लंडचा तिसरा रिचर्ड नावाचा राजा १४८५ मध्ये रणांगणावर मारला गेला. पुढे शेक्सपिअरने नाटकात त्याला कुबडा, वाकडा आणि म्हणून कपटी दाखवला, आणि चारशे वर्षे लोक तसेच मानत राहिले. २०१२ मध्ये लेस्टर शहरात गाड्या लावण्याच्या जागेखाली त्याचा सांगाडा सापडला. तपासणीत निघाले, की त्याला पौगंडावस्थेत सुरू झालेला स्कोलिओसिस होता. एक खांदा थोडा वर दिसत असेल, पण नाटकातले कुबड त्याला नव्हते, आणि तो शेवटपर्यंत लढत होता. राजा म्हणून त्याने बरे केले की वाईट, ते इतिहासवाले पाहतील. कणा मात्र त्याच्या मनाबद्दल काही सांगत नव्हता.

काही जण विचारतील, महाराज, प्रारब्ध तर आहे ना? आहे. पण प्रारब्धाचा विचार ज्याने त्याने आपल्या दुःखासाठी करायचा असतो, दुसऱ्याची वही उघडून वाचण्यासाठी नव्हे. ‘माझे भोग आहेत’ असे जो स्वतःविषयी म्हणतो त्याला धीर येतो. ‘तुझे भोग आहेत’ असे दुसऱ्याला म्हटले की तो शाप होतो. आणि प्रारब्ध मानायचेच तर पुरते मानावे. शिंप्याची नजर, नांदेडचा डॉक्टर, शस्त्रक्रियेचा शोध लागल्यानंतर जन्माला येणे, हे सगळे त्याच प्रारब्धात आले. पाठ तेवढी देवाने दिली आणि वैद्य सैतानाने दिला, असा हिशेब आपल्या संप्रदायात नाही.

अष्टावक्राची कथाही याच प्रश्नाची आहे. बापाच्या शापाने तो आठ ठिकाणी वाकडा जन्मला. जनकाच्या सभेत त्याला पाहून सभा हसली, आणि त्याने त्यांना नुसते कातडे पाहणारे म्हटले, असे परंपरेने सांगतात. आम्ही कीर्तनकार बहुधा इथेच थांबतो, कारण इथे टाळी मिळते. पण महाभारताच्या वनपर्वात कथा पुढे जाते. बंदीला वादात जिंकून अष्टावक्र बापाला सोडवून आणतो, आणि बापच त्याला समंगा नदीत उतरायला सांगतो. तो पाण्यात उतरतो आणि त्याचे अवयव सरळ होतात. ज्ञान त्याला वाकडेपणीच झाले होते, त्यासाठी सरळ व्हावे लागले नाही. तरीही सरळ होण्याची संधी आली तेव्हा ‘मी ज्ञानी आहे, मला देहाचे काय’ असे म्हणून तो काठावर थांबला नाही. आणि ज्याच्या शापाने पोर वाकले, त्यानेच त्याला नदी दाखवली, हे मला त्या रात्री फार लागले.

माझ्या प्रमाणाचाही मी पुन्हा विचार केला. देवाने ठेवले तसे राहावे, हे वचन मी नातीला सांगितले; पण मला मोतीबिंदू झाला तेव्हा मी ते स्वतःला सांगितले नव्हते. परभणीला जाऊन डोळ्यात भिंग बसवून आलो, आणि त्या डोळ्यांनी ज्ञानेश्वरी वाचू लागलो. त्या वचनाचा भार समाधानावर आहे. उपाय करूनही जे उरते, त्यात चित्त शांत ठेवावे, असा त्याचा अर्थ मला आज कळतो. उपाय टाळण्याचे निमित्त म्हणून ते सांगितलेले नाही. दुसऱ्याच्या दुखण्यावर आपण फार लवकर समाधानी होतो.

फ्रान्समध्ये १७४१ साली निकोलस आंद्री नावाच्या वैद्याने मुलांच्या वाकड्या अंगांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात एक चित्र आहे: वाकडे वाढलेले झाड, शेजारी रोवलेला सरळ खांब, आणि दोघांना बांधणारी दोरी. ते चित्र आज जगभरच्या हाडांच्या डॉक्टरांची खूण झाले आहे. मला ते पाहून आमच्या मळ्यातले पेरूचे रोप आठवले. रोपाला काठी बांधताना शेतकरी रोपाचा राग करीत नाही, आणि त्या रोपाला पाप लागले असेही समजत नाही. झाड वाढून निबर झाले की मात्र काठीने भागत नाही.

नातीच्या बाबतीत काठीची वेळ गेली होती. मुंबईच्या सर्जनांनी शस्त्रक्रिया कशी असते ते तिला नीट समजावले, तिच्याशेजारी बसून मीही ऐकले. पाठीवर मधोमध लांब छेद घेतात. मणक्यांत दोन्ही बाजूंनी स्क्रू बसवतात, त्यांतून धातूच्या दोन सळया नेतात, आणि पीळ उलगडत कणा जमेल तेवढा सरळ आणतात. मग हाडाचा चुरा पसरतात, म्हणजे ते मणके पुढच्या काही महिन्यांत एकमेकांत जुळून एकसंध होतात. सळईची ही कल्पना अमेरिकेत ह्यूस्टनच्या डॉ. पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओने वाकलेल्या मुलांसाठी काढली आणि १९६२ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्या काळी रुग्णाला महिनोन्महिने प्लास्टरमध्ये पडून राहावे लागे. आता बहुतेकांना दोन-चार दिवसांत उभे करतात.

भीती एकच, जी तिच्या आजीला होती. कण्याच्या आत मज्जारज्जू असतो. पूर्वी, १९७३ च्या सुमारास, फ्रान्समधील डॉक्टरांनी एक रीत काढली. शस्त्रक्रियेच्या मध्येच रुग्णाची गुंगी हलकी करायची आणि त्याला ‘पाय हलव’ म्हणायचे. पाय हलला तर पुढे जायचे. आता डोक्याला आणि पायांना तारा लावून यंत्रावर सतत पाहत राहतात. सर्जन म्हणाले, अशा रुग्णांत मज्जातंतूला इजा होण्याचा धोका शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे, पण शून्य नाही. आणि एक गोष्ट नक्की जाईल. जेवढे मणके जुळतील तेवढी पाठ पुन्हा वाकणार नाही. वाकायचे ते खुब्यातून.

हे ऐकून मला वाटले, वारकऱ्याचा सगळा धर्म वाकण्याचा. भेटेल त्याच्या पाया पडायचे, दंडवत घालायचा, वाळवंटात फुगड्या खेळायच्या. ताठ कण्याची पोर वाकणार कशी? पण ती चिंता माझी होती, तिची नव्हती. आणि हाच शेवटचा प्रश्न: ठरवायचे कोणी?

लहान मुलाचे आईबाप ठरवतात. ती एकोणीस वर्षांची होती. सही तिची लागणार होती, छेद तिच्या पाठीवर पडणार होता, सळया तिला जन्मभर वागवायच्या होत्या. म्हणून मी घरातल्या सगळ्यांना बसवले आणि म्हणालो, ‘आपण आधी हिला एक गोष्ट सांगू. ऑपरेशन केलेस तरी तू आमची, नाही केलेस तरी तू आमची. लग्नाचा विषय आजपासून बंद. आता तू ठरव, आम्ही पाठीशी आहोत.’ तिच्या बापाला हे जड गेले, पण त्याने मान हलवली.

तिने पंधरा दिवस घेतले. मग म्हणाली, ‘आबा, दरवर्षी एक अंश धरला तर मी पन्नास वर्षांची होईन तेव्हा ऐंशीच्या पुढे जाईन. ते मला नको. आणि खोटं कशाला बोलू, मला आरशातही सरळ दिसायचंय. हे चुकीचं आहे का?’

पूर्वी मी याला देहाची आसक्ती म्हटले असते. तिला सांगितले, ‘माय, दिंडीत पहाटे गोपीचंदनाच्या डबीतला आरसा काढून आम्ही म्हातारे टिळा नीट लागला का ते पाहतो. पांडुरंगाला रोज पोशाख करतो, तुळशीहार नीट बसला का ते बघतो. नीट दिसावे वाटणे पाप असते तर पुजाऱ्याच्या हातून ते रोज घडले असते. सरळ नसलीस म्हणून कमी आहेस, असे मात्र मनात ठेवून टेबलावर जाऊ नकोस.’

शस्त्रक्रिया सहा तासांच्या वर चालली. मी बाहेर बाकावर हातात माळ घेऊन बसलो होतो. तिथे मला आमच्या नर्सीच्या नामदेवरायांची गोष्ट आठवत राहिली. मंगळवेढ्याला गावकूस कोसळले आणि चोखोबाराय इतर मजुरांबरोबर त्याखाली गेले, ते इ. स. १३३८ साल मानतात. नामदेवराय त्यांच्या अस्थी आणायला गेले. ढिगाऱ्यात कितीतरी जणांची हाडे, त्यांत चोखोबांची कोणती? नामदेवरायांनी एकेक हाड कानाशी लावले. ज्यातून विठ्ठल नाम ऐकू आले ते चोखोबांचे. पंढरीला महाद्वारी त्यांची समाधी आजही आहे. नामदेवरायांनी हाड सरळ आहे की वाकडे, हे पाहिले नाही. ते ऐकत होते. चोखोबांचा उसाचा दाखला आपण सगळे कीर्तनात सांगतो. मी तो शेकडो वेळा सांगितला, आणि त्याच तोंडाने वाकड्या चालीची नक्कल केली.

सर्जन बाहेर आले आणि म्हणाले, पाय हलवते आहे. ५६ चे १८ वर आले होते. मी त्यांच्या पाया पडू लागलो तर त्यांनी धरले. मी याला चमत्कार म्हणणार नाही. कुब्जेच्या कथेत शस्त्रक्रिया शोधण्याचाही माझा विचार नाही. ती देवाची लीला, आणि ही माणसांनी दोनशे वर्षे चुकत-शिकत मिळवलेली विद्या. पण विद्या सेवेला लागली की तिला मी कृपेहून वेगळी मानत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’च्या दवाखान्यात मुंबईहून डॉ. शेखर भोजराज आणि त्यांचे सहकारी येऊन आदिवासी रुग्णांच्या मणक्याच्या शस्त्रक्रिया करतात. तीही एक वारीच.

आता सगळे गोड झाले असे नाही. पहिले दोन महिने तिला रात्र रात्र झोप नव्हती. पाठीवर मानेखालपासून कमरेपर्यंत व्रण आहे. मावशी म्हणाली, ब्लाऊज मागून बंद शिवू. नातीने तिला इंग्लंडच्या राजकन्या युजिनीचा फोटो दाखवला. तिची हीच शस्त्रक्रिया बाराव्या वर्षी झाली होती, आणि २०१८ मध्ये लग्नात तिने मुद्दाम व्रण दिसेल असा पोशाख घातला. मावशीला पटले नाही, नातीला पटले, तेवढे पुरे. शेतातले ओझे तिला उचलू देत नाही. फुगडीला डॉक्टरांनी अजून परवानगी दिलेली नाही.

शस्त्रक्रिया हाच सर्वांचा मार्ग, असे कोणी या लेखावरून समजू नये. आमच्या दिंडीत एक गृहस्थ आहेत, त्यांचा एक खांदा जन्मभर खाली आहे. त्यांनी उपाय केला नाही, त्यांना करायचाही नाही, आणि पताका घेऊन ते माझ्यापुढे चालतात. त्यांचे चंदनही देव घेतो.

वाचकांना दोन विनंत्या आहेत. घरात दहा-पंधरा वर्षांची मुले पाया पडायला वाकली की एकदा त्यांच्या पाठीकडे पाहा. एक बाजू वर दिसली तर दप्तराला बोल न लावता हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. खर्चाची भीती वाटली तर मोठ्या रुग्णालयात महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला आधी विचारा, मग जमीन विकायचे बोला.

दुसरी विनंती तरुण कीर्तनकारांना. पेंद्या सांगा, कुब्जा सांगा, अष्टावक्र सांगा. चालून दाखवू नका. मांडवात कोणाची नात बसली असेल, सांगता येत नाही.

घरी आल्यावर दीड महिन्याने ती सकाळी माझ्यासमोर आली. सवयीने वाकायला गेली आणि अडखळली. पाठ सरळच राहिली. ती खुब्यातून हळूहळू खाली झुकू लागली तेव्हा मी तिला थांबवले आणि आपल्या संप्रदायाच्या रीतीप्रमाणे आधी मी तिच्या पाया पडलो. ती ओरडली, ‘आबा, असं नका करू!’ मी म्हणालो, ‘वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. मला चार वर्षे उशीर झाला एवढेच.’

राम कृष्ण हरी.